जयवंताबाईंची डबल बेल

आंजीत पत्ते खेळणाऱ्याला दोघांचीच भीती वाटायची, पोलिसांची आणि जयवंताबाईंची. त्यात पोलिसांचं एक बरं होतं. ते वर्ध्याहून यायचे, तेही कधीमधी. जयवंताबाई गावातच राहायच्या, आणि त्याही विहाराच्या अगदी समोर.

बाई अंगणवाडीतून निवृत्त झाल्या, पण त्यांचा आवाज काही निवृत्त झाला नाही. समोरचा माणूस पाच वर्षांचा आहे की पंच्याहत्तर, याने त्यांना फारसा फरक पडत नसे. बस म्हटलं की बसायचं. महिला मंडळाच्या अध्यक्ष झाल्यावर त्यांनी गाव सुधारायला घेतलं. पहिला राग दारूवर. जिल्ह्यात दारूबंदी आहेच, म्हणजे पिणाऱ्याला थोडं जास्त चालावं लागतं, एवढंच. बाईंनी ते चालणंही अवघड करून टाकलं. मग त्या पत्त्यांकडे वळल्या.

विहारामागच्या कडुनिंबाखाली दुपारभर रमी चालायची. तिथला मुख्य माणूस नत्थू शिंपी. पोराच्या मापाचा शर्ट त्याच्याकडे शिवायला टाकावा आणि त्या पोराच्या लग्नात घेऊन यावा, अशी त्याची ख्याती होती. वेळ जायचा तो सगळा कडुनिंबाखाली.

"बाई, आमी पैशानं नाई खेळत," नत्थू म्हणाला. "चिंचोक्यानं खेळतो. चिंचोक्यात काऊन पाप लागन?"

"आज चिंचोके, उद्या बायकोच्या कानातले," बाई म्हणाल्या. "पत्ते म्हंजे पत्ते. पैशाचे असोत का चिंचोक्याचे. आजपासून ज्याच्या हाती पत्ता दिसन, त्यानं पौर्णिमेपासून पौर्णिमेपर्यंत विहाराचं आंगण झाडाचं. सगळ्याइच्या डोळ्यापुढं."

नियम झाला. आणि न्याय घरापासून सुरू व्हावा म्हणून बाईंनी पेटीतून स्वतःच्या नवऱ्याचा पत्त्यांचा कॅट काढला आणि भोजनदानाचा भात शिजत होता त्या चुलीत सगळ्यांदेखत टाकला. बायांनी टाळ्या वाजवल्या. मग बाकीचे कॅट आपोआप आले. नत्थूने तर चिंचोकेही आणून दिले.

टाळ्या न वाजवणारा एकच माणूस होता, त्यांचा नवरा चंद्रभान.

चंद्रभान एसटीत कंडक्टर होते. बोलका माणूस. त्यांच्या गाडीत वर्ध्याला चढलेला प्रवासी आर्वीला उतरेपर्यंत त्यांना त्याची सासुरवाडी, गुडघेदुखी आणि साडूशी असलेलं भांडण, सगळं ठाऊक व्हायचं. कॅट चुलीत गेला त्या दिवशी ते काही बोलले नाहीत. भांडले असते तर बाईंनी त्यांना नमवलं असतं, भांडणात त्या कधीच हरत नसत. चंद्रभान भांडलेच नाहीत. फक्त बोलायचे थांबले. "हो", "नाई", "मीठ कमी हाय". त्याच्या पलीकडे चार वर्षांत गाडी गेली नाही.

त्याचं कारण बाईंना नंतर कळलं, वर्ध्याला एका लग्नात. तानबा ड्रायव्हरची विधवा जेवणाच्या पंगतीत शेजारी बसली होती. तानबा आणि चंद्रभान यांची जोडी वर्षानुवर्षं आर्वीच्या मुक्कामी गाडीवर असायची. ती बाई वरणभात कालवता कालवता सहज म्हणाली, "ह्याइचा कॅट म्या भाऊजीले देल्ता. मुक्कामाले दोघं त्याच्यानंच खेळत ना. सांभाळून ठेवला असन त्याइनं."

जयवंताबाई ताटावरून उठल्या. चुलीत गेला तो तानबाचा कॅट होता. त्या घरी आल्या त्या माफी मागायचीच असं ठरवून. पण आयुष्यभर दुसऱ्यांना माफी मागायला लावलेल्या माणसाला ती स्वतः कुठून सुरू करायची हेच ठाऊक नसतं. त्या म्हणाल्या, "चहा ठेवू काय?" चंद्रभान म्हणाले, "हो." झालं. गावाला वळण लावणाऱ्या बाईंना घरातला एक माणूस बोलता करता येईना, आणि ते त्यांना फार लागायचं. सांगणार कुणाला? अध्यक्षांनी रडायचं तरी कुणाच्या खांद्यावर?

आता जपानी बाईची गोष्ट, कॅट चुलीत गेला त्याच वर्षीची. वर्ध्याचा स्तूप पाहायला जपानी मंडळी येतात. त्यातल्या एका म्हातारीची गाडी आंजीला पंक्चर झाली. जयवंताबाईंनी तिला विहारात बसवलं, पंख्याखाली, आणि चहा पाजला. एकीला मराठी येत होती, दुसरीला जपानी, त्यामुळे गप्पा छान रंगल्या. निघताना म्हातारीने पर्समधून एक लहानशी डबी काढली, दोन्ही हातांनी पुढे केली आणि कमरेत वाकली. बाईही वाकल्या. सगळं मंडळ वाकलं. टायरवाला पोरगाही वाकला.

डबीत अंगठ्याएवढ्या रुंदीची जाड, चकचकीत चित्रं निघाली. एकावर भलामोठा चंद्र. बाई म्हणाल्या, पौर्णिमा! एकावर हरीण. सारनाथचं मृगवन! दुसरं काय असणार? एकावर पिवळ्या फुलांजवळ एक लाल वाडगं. ते भिक्षापात्र. एकावर छत्री घेऊन पावसात निघालेला माणूस. ते वर्षावासाला निघालेले भंते, हे तर आंधळ्यालाही दिसलं असतं. फक्त एका चित्रावर रानडुक्कर होतं, तिथे सभा जरा अडली. आंजीच्या शिवारात रानडुकराबद्दल कुणाला माया नाही. बाईंनी थोडा विचार केला आणि सांगितलं, "करुणा सगळ्या प्राण्याइसाठी असते." मंडळाने मान डोलावली आणि डुकराला खालच्या कोपऱ्यात जागा दिली.

वर्ध्याहून फ्रेम करून आणली. फ्रेमवाला डिंकाने चिकटवणार होता, बाई त्याच्यावर खेकसल्या, धम्माच्या चित्रांना डिंक लावतात का? मग त्याने पुठ्ठ्याला खाचा पाडून एकेक चित्र त्यात अडकवलं. फ्रेम विहाराच्या भिंतीवर लागली आणि दर पौर्णिमेला बाई स्वतःच्या हाताने तिला हार घालू लागल्या.

यंदा आषाढ पौर्णिमेआधी विहाराला रंग द्यायचं निघालं. फ्रेमवर शिंतोडे नकोत म्हणून बाई ती घरी घेऊन आल्या. त्याच आठवड्यात देवळीहून त्यांची नात समीक्षा दोन दिवसांसाठी आली. समीक्षा नर्स झालेली. जपानमध्ये म्हाताऱ्यांची सेवा करायला जायचं म्हणून नागपुरात जपानी शिकत होती. तिने भिंतीला टेकवलेली फ्रेम पाहिली, जवळ गेली, आणि दिवाणावर पडून हसायलाच लागली.

"आजी, हे कोनं लावलं फ्रेममंदी?"

"म्या लावलं. हसतं कायले? जपानचे धम्मचित्रं हायत."

"आजी, हे पत्ते हायत! हानाफुदा म्हनतात. फुलाइचे पत्ते. खेळाचे."

"सगळे?" बाईंनी विचारलं. निदान दोन-चार तरी धार्मिक निघावेत, अशी त्यांची अपेक्षा असावी.

"सगळे."

"अन् हे भिक्षापात्र?"

"दारूचा पेला हाय तो."

जयवंताबाई खाली बसल्या. दारूबंदीच्या जिल्ह्यात, विहाराच्या भिंतीवर, दारूच्या पेल्याला त्या स्वतःच्या हाताने झेंडूचा हार घालत आल्या होत्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आता हे गावाला कळलं तर नत्थू गावभर पेढे वाटेल, आणि तेही उधारीवर. त्या समीक्षाला दरडावणार होत्या की ही गोष्ट या चार भिंतींबाहेर गेली तर तंगडं मोडीन. तेवढ्यात आतल्या खोलीतून एक आवाज आला. आधी त्यांना वाटलं ठसका लागला. मग कळलं, चंद्रभान हसत होते.

ते दारात आले. डोळे पुसले. फ्रेमकडे पाहिलं, पुन्हा हसले आणि म्हणाले, "खेळतात कसे व हे, समीक्षा?"

प्रश्न नातीला होता. पण चंद्रभान यांनी त्या घरात चार वर्षांत विचारलेला तो पहिला प्रश्न होता. बाईंच्या तोंडापर्यंत "झाकून ठेव ते" आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

"सांग त्याइले," त्या म्हणाल्या. "पाहू तं दे, का प्रकार हाय."

दार लावलं, फ्रेमची पाठ उघडली, पत्ते चटईवर आले. समीक्षा सांगू लागली. पत्ते अठ्ठेचाळीस. बारा महिने, महिन्याला एक झाड, आणि प्रत्येक झाडाचे चार पत्ते. दोघांनी खेळायचं. आठ पत्ते तुमच्या हातात, आठ समोरच्याच्या, आठ मध्ये उघडे, बाकीची गड्डी पालथी. आपल्या हातातला पत्ता उघड्यातल्या त्याच झाडाच्या पत्त्यावर मारायचा आणि दोन्ही उचलायचे. जोडी नसेल तर आपला पत्ता तिथेच सोडून द्यायचा. मग गड्डीवरचा एक उलटायचा, त्याचंही तसंच. असे उचलता उचलता ठरलेला मेळ जमला की डाव लागला.

"झाडं वळखू येत नाई मले," चंद्रभान म्हणाले. सुरूचं झाड कुठलं आणि बाकीची कुठली, त्यांच्या डोक्यात काही बसेना. ते चटईवरच्या पत्त्यांकडे टक लावून बघत राहिले. मग एकदम म्हणाले, "थांब. बारा झाडं म्हंजे बारा स्टॉप. एका स्टॉपचे चार प्रवासी. एका स्टॉपचे दोघं भेटले का उचलाचे. सोपं हाय!"

आणि त्यांनी जपानच्या बारा महिन्यांना आपल्या स्टॉपची नावं देऊन टाकली. करकोचा बसलेलं सुरूचं झाड वर्धा. गुलाबी फुलं देवळी. डुकराचं झाड रोहणा, कारण तिथल्या एका प्रवाशाने एकदा तिकिटाऐवजी डुकरांनी खाल्लेल्या सोयाबीनचं गाऱ्हाणं दिलं होतं. हरणाचं लाल पान खरांगणा. चंद्राचा पत्ता त्यांनी उजेडाकडे धरला.

"हे आर्वी," ते म्हणाले. "मुक्कामाची गाडी उभी केली का आमी टपावर झोपत होतो. तिथून असाच दिसे."

पुढे काही ऐकायला मिळेल म्हणून बाई थांबल्या. पण त्यांनी पुढचा पत्ता उचलला. तानबाचं नाव तिथे कुणीच घेतलं नाही.

समीक्षाने मेळ सांगितले. डुक्कर, हरीण आणि फुलपाखरू एका हाती आले की पाच गुण. चंद्र आणि पेला आला की पाच. फुललेली गुलाबी झाडं आणि पेला, पुन्हा पाच. पेला दोन्हीकडे चालतो हे ऐकून बाईंनी कपाळाला हात लावला. "अन् आता खरी गंमत," समीक्षा म्हणाली. "मेळ जमला का दोन रस्ते. पुरे म्हनाचं, गुन घ्याचे, डाव संपला. नाई तं 'कोई-कोई' म्हनाचं. म्हंजे ये, ये. डाव पुढं चालू. आनखी गुन भेटू शकतात. पन तेवढ्यात समोरच्याचा मेळ जमला तं आपलं हातचंई गेलं, अन् त्याले दुप्पट."

"म्हंजे सिंगल बेल अन् डबल बेल," चंद्रभान म्हणाले. एक घंटा थांबायची, दोन घंटा निघायची. तीस वर्षं त्यांनी दुसरं काय केलं होतं?

पहिले दोन दिवस आजोबा आणि नात खेळले. समीक्षा देवळीला गेली आणि खेळ दोघांचा असल्यामुळे जागा रिकामी झाली. दुपारी चंद्रभान यांनी चटई अंथरली, पत्ते पिसले, आठ स्वतःपुढे ठेवले, आठ समोरच्या रिकाम्या जागेपुढे ठेवले आणि बाईंकडे पाहिलंसुद्धा नाही. जयवंताबाईंनी दाराची कडी लावली, खिडकी लावली, पडदा ओढला. मग स्वयंपाकाचे हळदीचे हात पदराला पुसत येऊन बसल्या.

बाई जशा होत्या तशाच खेळल्या. मेळ जमला रे जमला की "पुरे!" म्हणून पत्ते खाली. हातचं सोडून पळत्याच्या मागे लागणं त्यांच्या रक्तात नव्हतं. चंद्रभान मात्र दरवेळी दोन बोटं जमिनीवर वाजवायचे, "टिंग टिंग!" आणि हमखास बुडायचे. बुडून वर हसायचे.

"तुई गाडी तं खांबाखांबाले थांबते," ते म्हणाले.

"अन् तुमची खड्ड्यात जाते," बाई म्हणाल्या.

"पन मजेत जाते ना!"

जयवंताबाई त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा घालून बसल्या आणि चंद्रभान यांनी त्यावरही पाच मिनिटं भाषण केलं. बाईंनी ते सगळं कान देऊन ऐकलं. जेवणाला नावं ठेवलेली इतकी गोड लागतात हे त्यांना नवीन होतं.

पण विहाराचा रंग वाळला. पौर्णिमा आली. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून बाईंनी फ्रेम परत न्यायचं ठरवलं. चंद्रभान यांनी एकेक पत्ता खाचेत बसवला. भिंतीवर फ्रेम लागली, हार पडला, गाव जमलं. बुद्धवंदना झाली, पंचशील झालं. "मुसावादा वेरमणी", खोटं बोलणार नाही, हेही नेहमीसारखं बाईंच्याच खणखणीत आवाजात झालं. आणि मागून नत्थूचा आवाज आला.

"बाई, डुक्कर वर कसं चढलं व?"

सगळ्यांनी वर पाहिलं. चार वर्षं खालच्या कोपऱ्यात गुमान बसलेलं रानडुक्कर वरच्या ओळीत विराजमान झालं होतं. त्याच्या एका बाजूला हरीण, दुसऱ्या बाजूला फुलपाखरू. त्याच्या खाली चंद्र, आणि चंद्राला चिकटून पेला. चंद्रभान यांच्या हाताने सवयीने सगळे मेळ लावून ठेवले होते.

"अन् त्याच्या आंगाले हळद काऊन लागली?" नत्थू जवळ येऊन म्हणाला. शिंप्याची नजर. कपडे वेळेवर देत नसला तरी डाग त्याला बरोबर दिसायचे.

पुसायला काढले होते, एवढं म्हटलं की भागलं असतं. कुणी दुसरा प्रश्न विचारला नसता, बाईंना विचारायची हिंमत कुणाची? शब्द जिभेवर आलेही. पण जीभ तीच होती, दोन मिनिटांपूर्वी पंचशील म्हणालेली. बाईंनी भिंतीशी बसलेल्या चंद्रभान यांच्याकडे पाहिलं. त्यांची मान खाली गेली होती. चेहरा पुन्हा "हो-नाई"चा झाला होता. आता खोटं बोललं तर आपला मान राहील, पण चटई पुन्हा अंथरली जाणार नाही, हे बाईंना लख्ख कळलं.

"ते पत्ते हायत," जयवंताबाई म्हणाल्या. "खेळाचे. म्या त्याइले धम्मचित्रं समजून हार घातले. मले मालूम नोहतं. आता मालूम झालं, अन् मालूम झाल्यावर म्या घरी कडी लावून खेळली. ते भिक्षापात्र दारूचा पेला हाय. ते भंते भंते नाईत, कोनी दरबारी मानूस हाय. डुक्कर डुक्करच हाय."

सगळ्यांनी आधी पुन्हा एकदा डुकराकडे पाहिलं. मग तानाबाई, महिला मंडळाची खजिनदार, पदर तोंडात धरून हसली. तिला पाहून दुसरी. मग भिंती हादरल्या. नत्थू तर खांबाला धरून होता.

"अन् नियम, बाई?" हसू आवरून त्याने विचारलं.

"नियम म्हंजे नियम," बाई म्हणाल्या. "खराटा कुठं हाय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी जयवंताबाई विहाराचं अंगण झाडायला उतरल्या. पोरं बघायला आली, बाया पाण्याच्या निमित्ताने आल्या, नत्थू तर खुर्ची घेऊनच आला. बाईंनी मान वर केली नाही. अर्धं अंगण झालं तेव्हा शेजारी दुसऱ्या खराट्याचा आवाज आला. चंद्रभान होते.

"तुमाले कोनी सांगतलं?" बाई म्हणाल्या.

"पत्ते दोघाइनं खेळले. गाडीत दोन मानसं होते तं तिकिटंई दोन फाटतीन."

ते झाडू लागले आणि बोलूही लागले. कडुनिंबाचा पाला किती पडतो, खराटा कसा धरावा, रंगवाल्याने कोपरा कसा सोडला. बोलता बोलता आर्वी आली, टप आला, तानबा आला. तानबा हरला की पत्ते गाडीच्या खिडकीतून फेकून द्यायचा आणि मग दोघं टॉर्च घेऊन ते शोधत बसायचे. बाई झाडायच्या थांबल्या.

"तो कॅट तानबाभाऊजीचा होता," त्या म्हणाल्या. "म्या इचारलं नाई. तसाच टाकला चुलीत. चुकली मी." एवढंच. चार वर्षं अडकलेलं होतं, ते खराट्याला टेकून, नत्थूच्या खुर्चीसमोर निघालं.

चंद्रभान थोडा वेळ पाला गोळा करत राहिले. "त्यात बदामाची राणी नोहतीच," ते म्हणाले. "तानबानं पुलगावच्या नाल्यात फेकली होती." आणि ते डोळे पुसायला वळले, धूळ फार आहे म्हणून.

महिनाभर दोघांनी अंगण झाडलं. मंडळाने ठराव करून पत्ते बाईंना परत दिले आणि रिकाम्या फ्रेममध्ये नत्थूच्या आग्रहावरून कार्यक्रमांचं वेळापत्रक लावलं. नियम बदला, असं तानाबाईने सुचवलं होतं. जयवंताबाईंनी साफ नाही म्हटलं. दुसऱ्याच्या पायात होता तोवर काटा राहू द्यायचा आणि स्वतःला टोचला की काढून टाकायचा, हे त्यांना पटण्यासारखं नव्हतं.

श्रावण पौर्णिमेला शिक्षा संपली. त्या दिवशी दुपारी चंद्रभान यांनी डबी उघडून पत्ते मांडीवर घेतले, पण पिसले नाहीत.

"महिना भरला," ते म्हणाले. "आता खेळलो तं उद्यापासून पुन्हा खराटा. लोकं पुन्हा हसतीन तुले. पुरे म्हनतं काय?"

दार सताड उघडं होतं. समोर विहाराच्या पायरीवर नत्थू कुणाचा तरी शर्ट न शिवता बसला होता आणि त्याला चटई स्वच्छ दिसत होती. जयवंताबाईंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा दारामागच्या दोन खराट्यांकडे. मग पदर खोचून चंद्रभान यांच्यासमोर बसल्या आणि जमिनीवर दोन बोटं वाजवली.

"टिंग टिंग," त्या म्हणाल्या.